उथळ पाण्यांतलें वर्ष

रानांत आणि पाणवठ्यांवर छायाचित्रें काढून चरितार्थ चालविणाऱ्या माणसाविषयीं सुशिक्षित समाजांत दोन समजुती रूढ आहेत. एक अशी कीं, बाराहि महिने निसर्गाच्या सान्निध्यांत असल्यामुळें हा मनुष्य परम सुखी असला पाहिजे. आणि दुसरी अशी कीं, ज्याला दुसरें कांहीं जमलें नाहीं तोच ह्या वाटेला लागतो. पहिली समजूत परक्यांची, दुसरी नातेवाईकांची. वस्तुतः वर्षांतले बहुतेक दिवस ह्या धंद्यांत कांहींच घडत नाहीं. मनुष्य चिखलांत गोणपाटाच्या लपणाखालीं बसून असतो. पक्षी येत नाहींत. आले तर पाठ करून बसतात. आणि तोंड इकडे वळविण्याची कृपा त्यांनीं केलीच, तर तोंवर ऊन चढून पाण्यावरची हवा अशी थरथरूं लागलेली असते कीं, चित्रांत बगळा व बाभूळ ह्यांतला भेद उरत नाहीं. बाकीच्या थोड्या दिवसांत जें हातीं लागतें त्याचा हिशेब मी दिवाळीच्या सुमारास मांडतों. व्यापारी वह्यांची पूजा करितात त्या दिवसांत मी वर्षभराचीं चित्रें संगणकावर चाळत बसतों आणि शंभरांतलीं नव्याण्णव पुसून टाकतों. पुसण्याचें दुःख लोक समजतात तितकें नसतें.

आज ज्या वर्षाविषयीं लिहावयाचें आहे तें २०२३ च्या दिवाळीपासून २०२४ च्या दिवाळीपर्यंतचें. ह्या व्यवसायांत मला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. परंतु इतकीं चांगलीं चित्रें एका वर्षांत मला पूर्वीं कधीं मिळालीं नव्हतीं, आणि पुढेंहि मिळतील असें वाटत नाहीं. तीं मिळालीं ह्यांत माझें कौशल्य बेताचेंच होतें. त्या वर्षीं पाऊस पुरेसा पडला नव्हता, हें त्याचें मुख्य कारण.

मी राहतों छत्रपति संभाजीनगरांत, क्रांति चौकाच्या अगदीं जवळ. चौकाचें जुनें नांव काळा चबुतरा. १८५७ सालीं येथल्या घोडदळांतील बंडवाल्या शिपायांना ज्या ठिकाणीं देहांत शासन झालें तीच ही जागा. आज तेथें उंच चौथऱ्यावर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. २०२२ च्या शिवजयंतीच्या आदल्या रात्रीं त्याचें अनावरण झालें तेव्हां आमच्या गच्चीवर पाय ठेवावयास जागा नव्हती. शेजारून जालना रस्त्याचा उड्डाणपूल जातो. अशा ठिकाणीं वन्य प्राण्यांच्या छायाचित्रकारानें बिऱ्हाड करावें ह्याचें पुष्कळांना हंसूं येतें. परंतु पहाटे चार वाजतां ट्रायपॉड व पेटी घेऊन मी खालीं उतरतों तेव्हां चौक माझ्या एकट्याचा असतो. जवळच्या एका मोबाईलच्या मनोऱ्यावर घारीनें घरटें बांधलें आहे. तारेचे तुकडे, चिंध्या आणि कुठल्याशा लग्नमंडपांतली एक चंदेरी झिरमिळी एवढ्या सामानांत तिचा संसार थाटला आहे. त्या वर्षींच्या माझ्या पहिल्या दहा चित्रांत ही घार आहे, आणि तिच्यासाठीं मला जिन्यापलीकडे जावें लागलें नाहीं. शिवाय ह्याच शहरांतल्या बैजू पाटील ह्यांनीं ह्या कलेंत देशाबाहेरहि नांव मिळविलेलें असल्यामुळें, कॅमेरा घेऊन चिखलांत लोळणाऱ्याला येथें निदान वेडा तरी कोणी म्हणत नाहीं.

चौकांतून दक्षिणेस सुमारें पन्नास किलोमीटरांवर पैठण, आणि पैठणाला लागून जायकवाडीचें धरण. १९६५ च्या ऑक्टोबरांत लालबहादुर शास्त्रींच्या हस्तें त्याची कोनशिला बसली व १९७६ च्या फेब्रुवारींत इंदिरा गांधींनीं त्याचें उद्‌घाटन केलें. सुमारें दहा किलोमीटर लांबीची भिंत, सत्तावीस दरवाजे, आणि मागें नाथसागर. तो पूर्ण भरला म्हणजे त्यांत शंभर टीएमसीहून अधिक पाणी मावतें. परंतु सह्याद्रींतलीं धरणें जशीं दरींत कोंडलेलीं व खोल असतात तसा हा जलाशय नाहीं. गोदेकांठच्या सपाट काळ्या भूमीवर तो परातींतल्या पाण्यासारखा पसरला आहे. पाणी हातभर उतरलें कीं कांठ कित्येक पावलें मागें सरतो आणि मधला ओला चिखल उघडा पडतो. त्या चिखलांत किडे, अळ्या, गोगलगाई आणि पाणवनस्पतींचे कंद असतात. ह्या ताटासाठीं तिबेट-लडाखकडून पट्टकादंब व चक्रवाक येतात, उत्तरेकडून थापट्ये व तलवार बदकें येतात, आणि कच्छाच्या रणाकडून रोहित येतात. धरण बांधलें शेतकऱ्यांसाठीं व शहरांसाठीं. हे पाहुणे आमंत्रणावांचून आले, आणि १९८६ मध्यें सरकारनें तेथें पक्षी-अभयारण्य जाहीर करून त्यांचें येणें कागदावर मान्य केलें.

चक्रवाकाविषयीं एक शब्द लिहिल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. संस्कृत कवींनीं ह्या नारिंगी पक्ष्याच्या जोडप्याला रोज रात्रीं नदीच्या दोन तीरांवर ताटातूट सोसावयास लाविलें आहे. मीं सोनेवाडीच्या बाजूला चांदण्यांत पुष्कळ रात्रीं काढिल्या आहेत. चक्रवाकांचीं जोडपीं रात्रीं कांठच्या शेतांत एकमेकांपासून दहा पावलांवर सुखानें चरत असतात. अंधारांत ते एकमेकांना सारखे साद घालतात हें मात्र खरें, आणि त्या आवाजानें कवींची समजूत कशी झाली असेल हें ध्यानांत येतें. कवींना दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांच्याजवळ दुर्बीण नव्हती.

मुख्य गोष्ट रोहिताची. अलीकडे त्याला अग्निपंख म्हणतात; मला जुनें नांव आवडतें. चार फूट उंचीचा हा पक्षी डोकें उलटें करून चोंच पाण्यांत घालतो, जिभेच्या पिचकारीनें पाणी आंत ओढतो आणि चोंचीच्या कडांना असलेल्या बारीक कंगव्यांतून तें गाळून बाहेर टाकतो. जेवतांना तो पायांनीं चिखल तुडवीत स्वतःभोंवतीं गोल फिरतो; त्यामुळें उथळ पाण्याच्या तळाशीं वाटोळे खळगे पडतात, आणि पाणी आणखी उतरलें म्हणजे कुणीं तरी चिखलांत ताटें मांडून ठेविल्यासारखे ते दिसतात. त्याचा गुलाबी रंग त्याचा स्वतःचा नव्हे, अन्नांतून आलेला आहे. लहान पिल्लें करडींच असतात. आतां हें सारें जेवण त्याच्या पायांच्या लांबीवर अवलंबून आहे. धरण कांठोकांठ भरलें असेल तर हिवाळ्यांत त्याला उभें राहण्याजोगी जागाच थोडी राहते, आणि मग थवे इकडे फिरकत नाहींत किंवा उशिरां येतात. धरण रिकामें असेल तर मैलच्या मैल पंगत मांडलेली असते.

२०२३ चा पावसाळा मराठवाड्याला कोरडा गेला. तो संपला तेव्हां नाथसागर निम्माहि भरलेला नव्हता. पंधरा ऑक्टोबरपर्यंत धरण पासष्ट टक्क्यांपर्यंत गेलें नाहीं तर वरच्या अंगाच्या नाशिक व आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या धरणांतून खालीं पाणी सोडावयाचें, असा समन्यायी वाटपाचा दंडक तेव्हां होता. त्याप्रमाणें साडेआठ टीएमसीहून थोडें अधिक पाणी सोडण्याचा हुकूम ऑक्टोबरच्या अखेरीस निघाला. वर विरोध झाला, खालीं आंदोलनें झालीं, आणि पाणी निघावयास नोव्हेंबरचा शेवट उजाडला. वर्तमानपत्रें रोज धरणाची टक्केवारी छापीत असत. माझे शेजारी ती वाचून सुस्कारा सोडीत. मीहि ती वाचीत असें, आणि पहिल्या पानावरचा तो आंकडा जसजसा खालीं जाई तसतसा माझ्या मनांत सोनेवाडीच्या चिखलाचा पट्टा रुंद होत जाई. एकाच आंकड्याचे असे दोन अर्थ एकाच जिन्यांत राहणाऱ्या माणसांना लागावे, ही गोष्ट मला त्या वर्षींच प्रथम जाणवली.

जानेवारीपासून मार्चपर्यंत मी आठवड्यांतून चार दिवस तेथें होतों. रोहित आले ते शेंकड्यांनीं आले. धुकें असलें म्हणजे आधीं त्यांचा आवाज येतो, हंसांसारखा, पण जरा घोगरा. मग पाण्यावर एक फिकट रेघ दिसूं लागते. आणि सूर्य वर आला कीं त्या रेघेचे पाय, माना व चोंची सुट्या होतात. सकाळचे सात ते सव्वाआठ एवढाच वेळ कामाचा. त्यानंतर ऊन तापतें. मी पोटावर पडून, कोपरांखालीं वाळूची पिशवी ठेवून, लेन्स पाण्याच्या पातळीला आणून बसतों, म्हणजे पक्षी व त्याचें प्रतिबिंब ह्यांच्यामध्यें चिखलाचा डाग येत नाहीं. फेब्रुवारींतल्या एका सकाळीं सुमारें चाळीस रोहित माझ्यासमोरून एका रांगेंत चालत गेले. सर्वांच्या माना खालीं होत्या, एकाचीच वर होती. थवा जेवत असतां पाहरा करणारा एक तरी असतोच. मागें पाणी नव्हतें. सुकून फुटलेला चिखल, त्यापलीकडे दगडांची एक काळसर ओळ, आणि त्याच्याहि पलीकडे हिरवें शेत. हें चित्र माझ्या वर्षाचें चित्र ठरलें. तें पुढें छापून आलें, त्याला बक्षीस मिळालें, आणि लोकांनीं त्याचें कौतुक केलें.

घरीं तें पहिल्यांदां पाहिलें आईनें. तिचें वय ब्याऐंशीं वर्षांचें आहे. त्या दिवसांत आमच्या भागांत नळाला आठव्या दिवशीं पाणी येई, तें सुद्धां केव्हां येईल ह्याचा नेम नसे. आणि तें भरून ठेवण्याचें सेनापतिपद आईनें स्वतःकडे घेतलें होतें. न्हाणीघरांत दोन पिंपें, स्वयंपाकघरांत सात घागरी, गच्चींत एक टांकी, आणि प्रत्येकाच्या वांट्याला किती तांबे हें तिच्या तोंडीं. मी चिखलानें माखलेले कपडे घेऊन दारांत उभा राहिलों कीं ती माझ्याकडे न पाहतां कपड्यांकडे पाही, आणि मनांतल्या मनांत एक बादली वजा करी. तिनें चष्मा लावून चित्र पाहिलें आणि विचारलें, "पाणी कुठं गेलं रे सगळं?"

मग थोड्या वेळानें म्हणाली, "ते मागं दगड आहेत ना, ते मोठं करून दाखव."

येथें वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या आईचें माहेर गोदेच्या कांठीं होतें. नाथसागरांत जीं गांवें गेलीं त्यांपैकीं तें एक. तिचें लग्न होऊन कांहीं वर्षें झालीं होतीं तेव्हां धरणाचें काम पुरें होत आलें, आणि आजोबांनीं वाड्याचीं दारें, खिडक्या व तुळया उतरवून बैलगाड्यांतून नव्या वसाहतींत नेल्या. त्यांतलें एक सागवानी दार आमच्या घरीं आहे. दिवाणखान्याला तें शोभत नाहीं असें माझी मुलगी म्हणते. पाणी फार उतरलें म्हणजे बुडालेल्या गांवांचीं जोतीं, विहिरींचीं कठडीं व देवळांचे चौथरे वर येतात. माझ्या चित्रांतली ती काळसर ओळ म्हणजे असेंच एक जोतें होतें. लेन्सनें तें पुसट केलें होतें, कारण सगळें लक्ष पक्ष्यांवर होतें.

मीं तेवढा भाग पडद्यावर मोठा केला. आई बराच वेळ पाहत होती. "आमच्या गावचं नाही हे," ती म्हणाली. "आमच्याकडं घाटाला पायऱ्या होत्या. त्या दिसल्या असत्या." आणि तिनें विचारलें, दुसऱ्या बाजूचे फोटो आहेत का? होते. त्या संध्याकाळीं आम्ही दोघांनीं तीनशें-चारशें चित्रें पाहिलीं. रोहित, शेकाटे, मालगुजे, सारे पुढें आणि आई त्यांच्या पायांमधून मागें पाहत होती. जीं चित्रें मी पुसून टाकणार होतों, ज्यांत पक्ष्यांनीं पाठ केली होती किंवा जे पूर्ण उडूनहि गेले होते, त्यांपैकीं कित्येक तिनें ठेवावयास लाविलीं. पायऱ्या कांहीं सांपडल्या नाहींत. चित्र चांगलें कीं वाईट ह्याचे नियम मी वर्गांत शिकवितों. त्या नियमांत ही सोय नाहीं.

उडण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. रोहितांचा थवा उडतांना पंखांखालचा काळा व लाल रंग एकदम उघडतो आणि तसें चित्र सर्वांना हवें असतें. पक्षी आपण होऊन उडेपर्यंत थांबावयाचें तर दिवसचे दिवस जातात. म्हणून कित्येक हौशी मंडळी होडीवाल्याला पैसे देऊन होडी थव्यांत घालावयास सांगतात. मार्चमध्यें मी लपणांत असतां माझ्यासमोरच असा प्रकार घडूं लागला होता. होडी भोई समाजाच्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराची होती, पाहुणे बाहेरगांवचे. त्यांनीं हात करून पुढें चल म्हणून सांगितलें. म्हाताऱ्यानें वल्हीं आंत घेतलीं आणि विडी पेटविली. "पाखरांचं जेवण चाललंय सायेब," तो म्हणाला. "उठवलं तर परत बसायला दुपार करत्यात." पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो, म्हणून तें मला ऐकूं आलें. रोहिताला जागच्या जागीं उडतां येत नाहीं. पाण्यावर दहा-पंधरा पावलें धांवत जाऊन त्याला उठावें लागतें, आणि प्रत्येक वेळीं खाल्लेल्या अन्नाची शक्ति त्यांत खर्च होते. दूरच्या परतीच्या प्रवासाआधीं त्याला अंगावर चरबी चढवावयाची असते. हें शास्त्र मी पुस्तकांतून शिकलों. म्हातारा काय वाचून शिकला होता कोणास ठाऊक.

उन्हाळ्यांत कामाची तऱ्हा बदलली. एप्रिलपासून पाणी इतकें मागें गेलें कीं जलाशयांतलीं बेटें कांठाला जोडलीं गेलीं. ह्या बेटांवर नदी-सुरय आणि पाणभिंगऱ्या उघड्या जमिनीवर अंडीं घालतात. घरटें म्हणजे नुसता खळगा, अंडीं दगडगोट्यांसारखीं. भोंवतीं पाणी असतें तोंवर तीं सुरक्षित असतात. बेट कांठाला जोडलें गेलें कीं कुत्रीं येतात, गुरें येतात, आणि माणूसहि येतो. पाणी सरलेल्या गाळाच्या जमिनींत कलिंगडें, खरबुजें किंवा चारा घेण्याची ह्या भागांत जुनी रीत आहे. तिला गाळपेर म्हणतात. दुष्काळांत ती करणाऱ्याला दोष कोणत्या तोंडानें द्यावा? ज्याची विहीर आटली त्याला नदीनें सोडलेला हा ओला पट्टा म्हणजे एवढाच आधार. घरट्यांचीं चित्रें मीं त्या उन्हाळ्यांत एकहि काढिलें नाहीं. आतां कित्येक स्पर्धाहि घरट्यांचीं चित्रें घेत नाहींत, आणि तें योग्यच आहे. अंड्यांवरून उठलेली पक्षीण दहा मिनिटें परतली नाहीं तर वैशाखाच्या उन्हांत अंडीं भाजून निघतात. जूनमध्यें धरणांत दहाव्या भागाहूनहि कमी पाणी उरलें होतें. मीं तेव्हां रिकाम्या चिखलाचीं चित्रें काढलीं. तीं कोणी विकत घेत नाहीं.

गौताळ्याविषयीं थोडक्यांत आटोपतों. कन्नडच्या डोंगरांतलें हें अभयारण्यहि १९८६ चेंच. तेथें पाऊस सुरू झाल्यावर मी पंधरवडा काढला. बिबट्याचीं पावलें पाहिलीं, बिबट्या पाहिला नाहीं. ह्या जिल्ह्यांतलें अलीकडचें सर्वांत महत्त्वाचें वन्य प्राण्याचें चित्र, २०२१ च्या मार्चमध्यें गौताळ्यांत आलेल्या वाघाचें, कोणा छायाचित्रकारानें काढलेलेंच नाहीं. झाडाला बांधलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यानें रात्रीं तें टिपलें. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन ह्या वनाधिकाऱ्यानें उत्तरेकडच्या जंगलांत पायवाटेवर तार ताणून, वाघाकडूनच त्याचें चित्र काढविण्याची युक्ति केली व १९२७ मध्यें त्यावर पुस्तक लिहिलें; हा त्याच युक्तीचा वंशज. आमच्या धंद्यांतल्या माणसानें अहंकार करूं नये ह्याला हें एक कारण पुरेसें आहे.

ऑगस्टांत ह्या वर्षाच्या चित्रांचें प्रदर्शन शहरांत भरविण्याचें ठरलें. मीं प्रत्येक चित्राखालीं पक्ष्याचें नांव, ठिकाण, तारीख आणि त्या दिवशीं धरणांत किती टक्के पाणी होतें तो आंकडा, अशी चिठ्ठी लाविली. संयोजक गृहस्थ सज्जन होते, पण त्यांना ही चिठ्ठी पटेना. "लोक सौंदर्य पाहायला येतात, पाटबंधाऱ्यांचा अहवाल वाचायला नाही," असें ते म्हणाले. मीं म्हटलें, त्या आंकड्यावांचून हें सौंदर्य घडलेंच नसतें. मग तो वगळावयाचा कसा? त्यांच्या म्हणण्यांतहि तथ्य होतें. रोहिताकडे पाहून दोन घटका आनंदित होण्याचा लोकांना अधिकार आहे, आणि प्रत्येक आनंदाला दुष्काळाचें शेपूट लावणें हा एक प्रकारचा दुष्टपणाच. शेवटीं आमची तडजोड अक्षरांच्या आकारावर झाली. आंकडे राहिले, पण बारीक.

तिसऱ्या दिवशीं पैठणाकडचे एक शेतकरी मुलाच्या शाळेच्या कामासाठीं शहरांत आले होते, ते सहज आंत आले. ते चित्रांकडे कमी आणि चिठ्ठ्यांकडे अधिक पाहत होते. बारीक अक्षरें वांचण्यासाठीं वांकत होते. मार्चच्या एका चित्रापुढें ते थांबले. मला म्हणाले, "ह्याच आठवड्यात मी मोसंबी तोडली. तीनशे झाडं होती. टँकरनं कुठवर घालणार?" मला काय बोलावें तें सुचेना. ते आणखी थोडा वेळ तेथेंच उभे होते. मग म्हणाले, "पक्षी मात्र झकास आलेत तुमचे." ह्यांत उपरोध नव्हता. मीं तो शोधून पाहिला.

सप्टेंबरांत वरच्या अंगाला मोठा पाऊस झाला, गोदा भरून आली, आणि धरण भरल्यामुळें दरवाजे उघडावे लागले. आम्ही सगळे पैठणास गेलों. पुलावर जत्रा लोटली होती. लोक नदींत नारळ टाकीत होते, अनोळखी माणसें एकमेकांना पेढे देत होतीं. माझ्यापुरतें बोलावयाचें तर त्या दरवाज्यांतून पुढच्या हिवाळ्याचें माझें काम वाहून जात होतें, आणि तरी पेढा गोड लागला. मौज अशी कीं, धरण भरलें म्हणून आमच्या नळाला रोज पाणी आलें असें मुळींच नाहीं. तें पूर्वींप्रमाणेंच आठव्या दिवशीं येत राहिलें, कारण शहरापर्यंत येणाऱ्या नळांची ताकदच तेवढी. म्हणजे शहराची तहान व नाथसागराची पातळी ह्यांचा संबंध मी समजत होतों तितका सरळ नव्हता; मोसंबीच्या बागेचा मात्र होता. पाण्यावर आणखीहि डोळे आहेत. जलाशयावर तरंगते सौरपट्ट पसरून वीज काढण्याची एक योजना आहे आणि तिच्याविरुद्धची मच्छीमारांची तक्रार २०२५ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें ऐकून घेण्यास नकार दिला. त्या पट्टांखालीं मासे राहतील कीं नाहीं, कांठचे पक्षी त्यांना सरावतील कीं नाहीं, ह्यांवर जाणत्यांचा वाद चालू आहे. वीज आम्हांलाहि हवीच आहे; हा लेख ज्या संगणकावर लिहिला तो चालतो विजेवरच.

नोव्हेंबर २०२४ मध्यें, दिवाळी आटोपल्यावर, मी पुन्हां सोनेवाडीला गेलों. जेथें फेब्रुवारींत मी पोटावर पडून होतों त्या जागेवर पुरुषभर पाणी होतें. कांठच्या बाभळी कमरेइतक्या बुडाल्या होत्या. दूर, माझ्या लेन्सच्या आटोक्याबाहेर, चक्रवाकांचे कांहीं ठिपके दिसत होते. तोच म्हातारा मच्छीमार जाळें झटकीत होता. रोहितांविषयीं विचारलें तेव्हां तो म्हणाला, "औंदा पाणी लई हाय. आता आलं तर मार्चात येतील, न्हाई तर न्हाई." त्याच्या होडींत मासे पुष्कळ होते. त्यानें दोन मला घेऊन जा म्हटलें; आमच्या घरीं चालत नाहींत असें सांगितलें तेव्हां तो हंसला व म्हणाला, मग बसा तरी होडीत. आम्ही बाभळींमधून दोन तास फिरलों. बुडालेल्या एका बाभळीच्या शेंड्यावर पाणकावळे पंख पसरून वाळवीत बसले होते, आणि खालीं पाण्यांत त्या झाडाच्या शेंगा तरंगत होत्या. नवीन वर्षाच्या वहींत तेवढें एक चित्र ठेविलें. चिठ्ठींत लिहिलें आहे: पाणकावळे, सोनेवाडी, नोव्हेंबर २०२४, धरण भरलेलें.